‘मी सांगतो ना’ म्हणणाऱ्या काकांना खुले पत्र

काका,

‘सप्रेम नमस्कार’ असं लिहिलं होतं, मग पहिला शब्द खोडला. नमस्कार आहे. प्रेम सध्या नाही.

गेल्या शनिवारी मंडळाच्या कोजागरीला, मसाला दुधाच्या पातेल्यापाशी, तुम्ही त्या नव्या जोडप्याला गाठलं होतंत. महिनाभरापूर्वी ती दोघं पीचट्री सिटीत राहायला आली आहेत. तीन वर्षांची मुलगी, सोबत नवऱ्याची आई, आणि त्या आईला दमा. त्यांनी साधा प्रश्न विचारला, की रोजच्या जाण्यायेण्याला गोल्फ कार्ट घ्यायची तर गॅसची घ्यावी की इलेक्ट्रिक? तुम्ही हातातला पेलासुद्धा खाली ठेवला नाहीत. म्हणालात, “गॅस. डोळे मिटून गॅस. मी सांगतो ना!”

साडेतीन वर्षांपूर्वी हेच वाक्य याच सुरात तुम्ही मला ऐकवलं होतंत. मीही डोळे मिटले होते. ते उघडायला एक वर्ष आणि पाच हजार डॉलर लागले. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. तुम्ही सल्ला चारचौघांत देता, तर त्याचा जाबही चारचौघांत विचारला पाहिजे.

ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पीचट्री सिटी अटलांटाच्या नैऋत्येला, साधारण 30 मैलांवर. 1959 मध्ये वसवलेलं, वस्ती 38 हजारांच्या आसपास. इथे घरांच्या मागून, पाइनच्या झाडीतून, तळ्याच्या काठाने 100 मैलांहून जास्त लांबीच्या डांबरी वाटा आहेत. त्यांवर मोटारी चालत नाहीत. माणसं चालतात, पोरं सायकली चालवतात, आणि गोल्फ कार्ट धावतात. हायवे 54 आणि 74 आडवे आले की वाट पुलावरून किंवा बोगद्यातून पलीकडे जाते. भाजी, लायब्ररी, दाताचा डॉक्टर, सगळं कार्टने. पालिकेकडे नोंद करून नंबराचं स्टिकर लावलेल्या दहा हजारांवर कार्ट गावात आहेत. मॅकिन्टॉश हायस्कूलमध्ये पोरांच्या कार्टसाठी वेगळा तळ आहे. पंधराव्या वर्षी लर्नर परमिट मिळालं की मूल एकटं कार्ट चालवू शकतं. आणि हो, इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, तेव्हा गॅसची कार्ट म्हणजे सिलिंडरवरची नव्हे, पेट्रोलची.

शिवाय हा मुलूख कार्टचं माहेर. ई-झी-गो 1954 मध्ये याच जॉर्जियातल्या ऑगस्टामध्ये सुरू झाली, क्लब कार 1962 मध्ये तिथेच आली, आणि यामाहाच्या कार्ट आमच्या शेजारच्या न्यूननला तयार होतात. कोल्हापुरात राहून गुळात फसावं, तसं माझं झालं.

2022 च्या मे महिन्यात मी तुमच्याकडे आले तेव्हा बाबा साताऱ्याहून कायमचे आमच्याकडे यायचे होते. आई गेल्यावर ते एकटे होते. वय 74, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एस.टी.च्या डेपोत, वर्कशॉपमध्ये, ते इलेक्ट्रिशियन होते. तीस वर्षं डिझेलचा धूर छातीत भरून घेतलेला, त्यामुळे थोडं चाललं तरी धाप. एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं. घरापासून लायब्ररी दोन मैल, दुकान दीड मैल, शाळा एक मैल, हेही सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात, “इलेक्ट्रिकच्या बॅटऱ्या दोन वर्षांत बसतात. माझ्या बसल्या. बाराशे डॉलर पाण्यात गेले. मी सांगतो ना!” आणि मला अंगणात नेऊन गॅसची कार्ट दाखवलीत. नवा रंग, नवं सीट कव्हर. 3,800 डॉलर मी तुमच्या हातात मोजले. ती कार्ट सतरा वर्षं जुनी होती, हे मला नंतर तिच्या सिरियल नंबरावरून कळलं.

गॅसच्या कार्टला गाडीसारखं इंजिन सुरू करून ठेवायचं नसतं. पॅडल दाबलं की इंजिन सुरू, पाय उचलला की बंद. ऐकायला छान वाटतं. पण आमच्या वाटांवर दर शंभर पावलांवर कोणी ना कोणी आडवं येतं. कुत्र्याला फिरवणारी बाई, तीनचाकी चालवणारं पोर. थांबा, निघा, थांबा, निघा. तुमच्या कार्टचं इंजिन प्रत्येक वेळी मागे सीटखाली एक गचका द्यायचं, निळसर धुराचा लोट सोडायचं, आणि पाय उचलला की ‘फट्’ असा बार काढायचं. मोटारीच्या धुराड्यात असतो तसला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या जुन्या इंजिनाला नव्हता. जे जळायचं राहिलं ते सरळ मागच्याच्या नाकात.

बाबा आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना लायब्ररीत घेऊन निघाले. हायवेखालच्या बोगद्यात समोरून शाळेच्या पोरांच्या सात-आठ सायकली आल्या. मी थांबले. मग निघाले, पुन्हा थांबले. बोगदा अरुंद, वर काँक्रीट, वाऱ्याला वाट नाही. बाबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. काही बोलले नाहीत. बोगद्याबाहेर आल्यावर मी कार्ट कडेला घेतली, तर ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकून बसलेले, श्वास वर वर ओढत होते. मानेच्या शिरा दोरीसारख्या तटतटलेल्या. मागून चालत येणाऱ्या एका आजीबाईंनी आपल्याजवळची पाण्याची बाटली पुढे केली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती नजर मी अजून विसरलेली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मी घरीच बसतो.” सातासमुद्रापलीकडून लेकीच्या घरी आलेला माणूस पुढे आठ महिने खिडकीपाशी बसून राहिला, काका.

गॅरेजचं तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आमचं गॅरेज घराला जोडलेलं आहे, वरची खोली बाबांची, आणि कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅस हीटर, आत कायम पेटती ज्योत असलेला. हे तुम्हाला ठाऊक होतं. गणपतीत आरतीला तुम्ही त्याच दाराने आत आला होतात. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि ज्योत खालीच असते. कार्ब्युरेटर गळका होता. रोज सकाळी गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास यायचा. जानेवारीत एकदा थंडीमुळे इंजिन धरेना, म्हणून माझ्या नवऱ्याने दार अर्धंच उघडून पाच-सात मिनिटं पॅडल मारलं. वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो रक्तात शिरतो. अलार्म नसता तर? आम्ही चूक केली, कबूल. दार पूर्ण उघडायला हवं होतं, कार्ट बाहेर ढकलायला हवी होती. पण विकणाऱ्याच्या तोंडून एक शब्द निघायला काय हरकत होती? सीट कव्हरबद्दल तुम्ही दहा मिनिटं बोलला होतात.

बाकीचं थोडक्यात. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. गाडी दोन महिने उभी राहिली की ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटा धरतो. साफसफाई, नवा पट्टा, ऑइल, स्टार्टर. वर्षभरात आणखी बाराशे गेले.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमची जुनी इलेक्ट्रिक कार्ट अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली पडलेली होती. एप्रिल 2023 मध्ये बाबांनी तुम्हाला विचारलं, “तिचं काय करणार?” तुम्ही म्हणालात, “भंगार आहे. तीनशे द्या आणि घेऊन जा.” आम्ही ती दोराने ओढून घरी आणली. बाबांनी बाह्या सरसावल्या आणि सीट उचललं.

खाली आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा इतका चढलेला, की केबलचे नट दिसेनात. बाबांनी खाण्याच्या सोड्याचं पाणी करून जुन्या टूथब्रशने तो उतरवला. एका टर्मिनलच्या शिशावर ठोकलेली खूण दिसली: एफ आणि 9. बाबांना एस.टी.तल्या खुणा माहीत, या नव्हत्या. मी शोधून सांगितलं. अक्षर म्हणजे महिना, आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. जून 2019. मग त्यांनी बुचं काढायला घेतली. एका सेलचे दोन व्होल्ट, म्हणजे 48 व्होल्टला चोवीस सेल, चोवीस बुचं. टॉर्च मारून एकेकात डोकावत गेले. हायड्रोमीटर आत घातला, रबरी फुगा दाबून सोडला, नळीत थेंब आला नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. चोवीसच्या चोवीस सेल कोरडे. आतल्या पट्ट्या वाळल्या जमिनीसारख्या पांढऱ्या पडून वाकलेल्या. बाबांनी शेवटचं बूच हळूच परत बसवलं आणि म्हणाले, “यात पाणी कधी घातलंच नाही गं. पहिल्या दिवसापासून नाही.”

काका, त्या क्षणी मला तुमचं ‘माझ्या बसल्या’ समजलं. त्या बसल्या नाहीत, तुम्ही त्या मारल्यात.

शिशाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातलं पाणी थोडं थोडं फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतं. ते भरून द्यावं लागतं, डिस्टिल्ड वॉटरने, उन्हाळ्यात महिन्याला एकदा तरी, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर. आधी भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं. पट्ट्या उघड्या पडल्या की त्या भागाचा जीव गेला. दुसरं म्हणजे, कार्ट फिरवून आणल्यावर चार्जिंगला लावायची. उतरलेली बॅटरी तशीच महिनोन्‌महिने ठेवली की पट्ट्यांवर गंधकाचे क्षार दगडासारखे घट्ट होतात आणि मग ती चार्ज धरत नाही. तुम्ही थंडीभर तशीच ठेवायचात, हे तुमच्याच बोलण्यात आलं होतं. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर रोज दूध काढायचं आणि म्हशीला पाणी दाखवायचं नाही. मग म्हैस आटली की जात वाईट! नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तुमचं अंगण सरळ होतं, काका. आणि त्या वाकड्या अंगणाची गोष्ट सांगून तुम्ही गावातल्या निदान सहा मराठी घरांत गॅसच्या कार्ट खपवल्यात. नावं माझ्याकडे आहेत. त्यांतल्या प्रत्येक वेळी कार्ट तुमच्याच अंगणात उभी होती, हा योगायोग मी मानत नाही.

आम्ही सहा नव्या बॅटऱ्या आणल्या, साधारण तेराशे डॉलरना. एकेक 28 किलोची. सगळ्या मिळून 170 किलोंच्या घरात. लिथियमच्या घ्याव्यात का, यावर घरात आठवडाभर वाद झाला. त्यांना पाणी लागत नाही, वजन फार कमी, टिकतातही जास्त, पण आमच्या गाडीसाठी किंमत दुपटीच्या जवळ जात होती. बाबा म्हणाले, “पाणी घालायला मी आहे.” तिथे विषय संपला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते नातीला शेजारी उभं करून बुचं उघडतात, “ग्रॅव्हिटी बघ, बाराशे साठच्या वर पाहिजे,” म्हणून हायड्रोमीटर तिच्या हातात देतात, टर्मिनलला ग्रीसचा हात फिरवतात. चार्जिंगच्या वेळी गॅरेजचं दार वीतभर उघडं ठेवतात, कारण हायड्रोजनलाही बाहेर वाट लागते. अडीच वर्षं झाली. एकाही सेलने दगा दिलेला नाही.

मी हिशेबात लबाडी करणार नाही. विजेने आमचे फार पैसे वाचले, असं नाही. रोजचे सहा-सात मैल म्हणजे दीड-दोन युनिट, तीस सेंटच्या आत. पेट्रोलला त्याच्या दुपटीहून थोडं जास्त लागलं असतं. पण पाच-सहा वर्षांनी बॅटऱ्यांचा नवा संच घ्यावा लागेल, आणि तो खर्च वर्षांवर वाटला तर बचत त्यात जिरते. ज्याला फक्त पैशाचं गणित करायचंय, त्याला मी इलेक्ट्रिकच घे असं म्हणणार नाही. गॅस घेणारे सगळे चुकतात, असंही नाही. फ्लोरिडातल्या द व्हिलेजेसचं बघा. निवृत्त लोकांची ती वस्ती तीन काउंट्यांत पसरलेली. माणसं सकाळी निघून दिवसभर कार्टवरच फिरतात. तिथे पाच गॅलनची टाकी दोन मिनिटांत भरून पुढे निघता येतं, ही फार मोठी सोय आहे, आणि शिशाच्या बॅटरीला पंचवीस-तीस मैलांनंतर रात्रभर प्लग लागतो. ज्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये प्लगच नाही, त्यालाही गॅसच घ्यावी लागते. शिवाय फ्युएल इंजेक्शनवाली आजची नवी इंजिनं तुमच्या त्या सतरा वर्षांच्या खटाऱ्यासारखी नाहीत. आवाज कमी, धूर कमी, थंडीत चटकन धरतात. गॅस वाईट, असं माझं म्हणणंच नाही. आमच्या घराला ती चुकीची होती. सहा मैलांचा फेरा, घराला जोडलेलं गॅरेज, वर झोपणारा धापेचा माणूस आणि पोराबाळांनी भरलेली वाट, एवढं कळलं असतं तर शाळकरी पोरानेही इलेक्ट्रिक सांगितलं असतं. कॅलिफोर्नियात हवा खराब असलेल्या भागांत 1997 पासून नवी कार्ट विकायची तर ती इलेक्ट्रिकच. आपल्या माथेरानला मोटारी बंद. तिथे डिसेंबर 2022 मध्ये चाचणीसाठी चाकं आणली तीही ई-रिक्षाचीच. ती बातमी बाबांनीच मला वाचून दाखवली होती, त्या खिडकीपाशी बसून.

म्हणून मला त्या जोडप्याची काळजी वाटते. मी कोजागरीलाच त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांचं घर शाळेपासून एक मैल. गॅरेज घरालाच जोडलेलं. कार्टमध्ये रोज बसणार ती तीन वर्षांची मुलगी आणि तिची दम्याची आजी. इंजिन येणार बरोबर त्या दोघींच्या सीटखाली. हे शोधायला मला दूध थंड व्हायच्या आत चार प्रश्न पुरले: रोज किती लांब जाता, गाडी कुठे ठेवणार, कोण बसणार, आणि महिन्याला अर्धा तास तिच्याकडे बघायला घरात कोणी आहे का. चौथ्याला त्या आजी स्वतःच म्हणाल्या, “मी बघीन की, देवाला पाणी घालते तसं बॅटरीला घालीन.”

यापुढे कोणी विचारलं, तर हे चार प्रश्न विचारा. मगच तोंड उघडा. आणि तुमच्या अंगणात विकाऊ कार्ट उभी असेल, तर ते आधी सांगा. तुम्ही वयाने मोठे आहात, वीस वर्षांपूर्वी या गावात आलेलं पहिलं मराठी घर तुमचं, नवीन माणूस उतरला की विमानतळावर तुम्हीच आणायला जाता, मलाही तुम्हीच आणलं होतंत. म्हणून तर लोक डोळे मिटतात. म्हणून तर मला इतका राग आला.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ती मंडळी आमच्याकडे येणार आहेत. तुमची गॅसची कार्ट घेऊन या. आमची इलेक्ट्रिक उभी असेलच. आजींना आणि पोरीला दोन्हींत बसवून त्याच बोगद्यातून एकेक फेरी मारू, आणि काय ते त्या ठरवतील. हा महिन्याचा पहिला रविवार आहे, त्यामुळे बाबा त्या वेळी बॅटरीची बुचं उघडून बसलेले असतील. ते म्हणालेत, काकांना चहा ठेवा, आणि हायड्रोमीटर कसा धरायचा ते मी दाखवतो.

तुम्हीच विमानतळावरून आणलेली,
तुमची शेजारीण